चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध

"जरा उजवा कान दाखवता का?"

विमानतळाच्या बाहेर पडायच्या दाराशी एक शेहेचाळीस वर्षांचा माणूस डोळे घट्ट मिटून उभा होता. उभं राहून पाव तास झाला होता. लोक त्याला वळसा घालून जात होते. एका बाईने तर त्याच्या खांद्याला धरून बुटात शिरलेला खडा काढला आणि खांबाचे मानत नाहीत तसे त्याचेही आभार न मानता ती निघून गेली. सुरक्षारक्षक दोनदा येऊन काहीतरी विचारून गेला होता, पण ती भाषा कळत नसल्यामुळे त्या माणसाने दोन्ही वेळा आदराने मान डोलावली होती. आणि आता मागून हा प्रश्न आला. त्याच्या भाषेत, त्याला हव्या असलेल्या आवाजात. त्याने डोळे न उघडताच मान वळवून उजवा कान पुढे केला. बँकेत सही ताडून बघतात तसा तो कान कुणीतरी जवळून ताडून बघितला.

"तुम्हीच," आवाज म्हणाला. "उघडा डोळे."

या दोघांना वेड लागलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घराण्यात त्याच्या नावाचे दोघं होते. एक बँकेत होता म्हणून तो 'बँकवाला' झाला आणि हा 'वरखाली'. लग्नाच्या वयात स्थळं यायची तेव्हा मुलीचे वडील विचारायचे, नोकरीत वर जायला वाव आहे का? काका ठणकावून सांगायचे, रोज जातो की. पुढचं वाक्य काका सांगायचे नाहीत, पण मुलीच्या वडिलांना ते आपोआप सुचायचं. मग वडील गेले, दोन बहिणींची लग्नं झाली, आईचे गुडघे गेले, आणि कधीतरी स्थळं यायची थांबली. थांबली हेसुद्धा घरात दोन वर्षांनी लक्षात आलं.

त्याच्याकडे एक्केचाळीस लिफ्ट होत्या. प्रत्येक लिफ्टमध्ये एक लाल बटण असतं, अडकलेल्या माणसाने दाबायचं. ते दाबलं की कॉल थेट कंपनीच्या मुख्य कचेरीत जायचा, आणि मुख्य कचेरी परदेशात होती. तिथे तीस बायका कानाला हेडफोन लावून बसलेल्या असायच्या आणि जगभरच्या अडकलेल्या लोकांना ज्याच्या त्याच्या भाषेत धीर द्यायच्या. स्वतःचं नाव सांगायला बंदी होती. अडकलेला माणूस हळवा झालेला असतो, त्याला नाव कळलं तर सुटल्यावरही सुटत नाही, असा कंपनीचा अनुभव होता. म्हणून फक्त नंबर. वरखालीच्या भाषेतले कॉल एकोणीस आणि सत्तावीस या दोन नंबरांकडे जायचे. सत्तावीस नंबरच्या आईवडिलांनी तरुणपणी देश सोडला होता, पण भाषा बरोबर नेली होती. घरी तीच बोलायचे. मुलीला तिचा उपयोग काय, असं शेजारी विचारायचे. तर हा उपयोग.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेकॅनिकने प्रत्येक लिफ्टमध्ये शिरायचं, किल्लीने पॅनेल उघडायचं, 'स्टॉप' करून लाल बटण दाबायचं आणि "मासिक तपासणी" म्हणायचं. तपासणी असली तरी पलीकडच्या बाईने सगळा छापील मजकूर वाचायचा, असा नियम. "नमस्कार, मी सत्तावीस नंबर बोलतेय. घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का?"

"एकटाच आहे," असं वरखाली दर वेळी म्हणायचा. चार वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी, तेराव्या लिफ्टमध्ये, तो "एकटाच आहे" म्हणाला आणि का कोण जाणे, पुढे म्हणाला, "बऱ्याच वर्षांपासून."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. छापील मजकुरात यावर काही नव्हतं. मग सत्तावीस नंबरने कागदावरची पुढची ओळ वाचली, कारण तेवढंच तिच्या हातात होतं.

"मदत निघाली आहे."

दोघंही हसले, आणि तिथून पुढे त्या शहरातल्या लिफ्ट जितक्या सुरक्षित झाल्या तितक्या त्या कधीच नव्हत्या. मासिक तपासणी साप्ताहिक झाली. पुढे तो काही काही लिफ्ट सकाळ-संध्याकाळ तपासू लागला. कंपनीने त्याला दक्षतेबद्दल प्रमाणपत्र दिलं, त्यावर त्याचं नाव बँकवाल्याच्या स्पेलिंगने छापलं होतं. तपासणीचा कॉल नव्वद सेकंद चालायचा, मग आपोआप तुटायचा. नव्वद सेकंदांत माणूस फालतू बोलत नाही. तिने वडील गेल्याचं त्याला सांगितलं ते अशाच चार कॉलमध्ये, चार वेगवेगळ्या इमारतींत. त्याने आपल्याला पुलावर चक्कर येते हे आयुष्यात फक्त तिलाच सांगितलं. महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कॉल चुकून एकोणीस नंबरकडे गेला तर ती थकलेल्या आवाजात म्हणायची, "तुमची सत्तावीस दुपारच्या पाळीला आहे हो," आणि स्वतःच फोन ठेवायची.

दुसऱ्या वर्षी त्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि मग कळलं की फोनवर त्यांना बोलताच येत नाही. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." झालं. व्हिडिओ कॉल करून पाहिला. त्याने सवयीने फोन कानाला लावला, आणि तिने सवयीने टेबलावर ठेवला. दोन वर्षं असे व्हिडिओ कॉल झाले. त्या काळात तिने त्याचा उजवा कान बघितला आणि त्याने तिच्या घराचं छत. छत चांगलं होतं. कोपऱ्यात ओल आली होती, तिचा आकार बदकासारखा होता. आपण नीट दिसत नाही आहोत, हे दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला सांगितलं नाही. सांगून तो नीट दिसला असता आणि आपल्याला आवडला नसता तर, अशी दोघांनाही भीती होती.

आणि मग गेल्या महिन्यात, विसाव्या लिफ्टमध्ये, चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला ती म्हणाली की तीन महिन्यांनी तिकडे यंत्र बोलणार आहे. तीसही जणींना नोकरी संपल्याची नोटीस आलीये.

उरलेल्या सहा सेकंदांत तो म्हणाला, "मी येतो."

आईला त्याने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, लिफ्टमधली मुलगी? अडकली होती का? तो म्हणाला, नाही गं, ती अडकलेल्यांशी बोलते. आईने गुडघ्याला तेल चोळता चोळता विचार केला आणि म्हणाली, मग जा बाबा, तुझ्याशी कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

तर असा तो आला होता. आठ दिवसांची रजा, एक बॅग आणि एक प्रश्न. ती फक्त आवाजाने ओळखू येणार होती, म्हणून डोळे मिटून. प्रश्न त्याने विमानात इतक्या वेळा पुटपुटला की शेजारच्या प्रवाशाने जागा बदलून घेतली.

डोळे उघडल्यावर त्याला दिसलं की ती त्याच्यापेक्षा बोटभर उंच आहे, चष्मा लावते आणि तिच्या कोटाचं एक बटण दुसऱ्या रंगाचं आहे. ते तिला सांगावं असं त्याला फार वाटलं, आणि तो म्हणाला, "प्रवास बरा झाला."

"हो का," ती म्हणाली. "छान. चला ना."

चार वर्षांचं 'तू' विमानतळावरच कुठेतरी गळून पडलं.

ती सातव्या मजल्यावर राहायची, थोरल्या बहिणीबरोबर. बहीण कपडे लहानमोठे करून द्यायची. बसायच्या खोलीत शिवणयंत्र होतं आणि एक बिनमुंडक्याचा पुतळा होता. वरखालीची झोपायची सोय त्या पुतळ्याशेजारच्या सोफ्यावर होती. आत आल्या आल्या त्याने आधी वर बघितलं. बदक होतं. त्याला परक्या देशात पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि तो छताकडे बघून हसला.

"पाहुण्यांना छत आवडलेलं दिसतंय," ताई म्हणाली. ताईने तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय लावून घेतली होती, त्यामुळे तिचं साधं बोलणंही टोचायचं. "बसा. मला एक सांगा, हे लिफ्टमधलं प्रेम म्हणजे नक्की किती मजल्यांचं असतं?"

त्यावर तो चहा छान झालाय म्हणाला. चहा अजून यायचा होता.

पुढचे तीन दिवस त्याने चहाचीच स्तुती केली. दोघं जेवायच्या टेबलावर समोरासमोर बसायची. तो तिच्याकडे बघायचा, मग तिने बघितलं की मिठाच्या बरणीकडे बघायचा. ती त्याला बाग दाखवायला घेऊन गेली, पूल दाखवायला घेऊन गेली. पुलावर त्याला चक्कर आली, आणि तिला ते माहीत असूनही ती विसरली होती, म्हणून ती इतकी ओशाळली की परतीच्या वाटेवर दोघांनी मिळून एकच वाक्य उच्चारलं, तेही बसच्या नंबराबद्दल. हॉटेलात समोरासमोर बसून सूप प्यायलं. चमच्यांचा आवाज व्हायचा तेवढाच. शेवटी ताईलाच दया आली. ती दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसली आणि दुभाष्याचं काम करू लागली. एकच भाषा बोलणाऱ्या दोन माणसांचं.

"तो म्हणतोय, तुला बरं वाटतंय ना?"

"तो काहीच म्हणाला नाही, ताई."

"चेहऱ्याने म्हणाला. तिचं उत्तर 'हो' आहे, पाहुणे. पुढे बोला."

पुढे काही नव्हतं. ताईने टाचण्या तोंडात घातल्या आणि ती पुतळ्याकडे गेली. तो जास्त बोलका होता.

चौथ्या दिवशी दुपारी दोघं भाजी घेऊन परत आली आणि लिफ्टमध्ये शिरली. लिफ्टमध्ये माणसं जशी उभी राहतात तशीच ती उभी राहिली, शेजारी शेजारी, दाराकडे तोंड करून, कुणीच कुणाकडे न बघता. दार बंद झालं. वरखालीने समोर पॅनेल बघितलं. तीच कंपनी, तेच पॅनेल, तोच जाळीचा स्पीकर. आणि त्याला ती अगदी जवळ आहे असं वाटलं. म्हणजे होतीच, पण इतका वेळ वाटत नव्हतं. त्याच्या मनात तिच्याशी बोलायचं आलं, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे काय करायचं हे हाताला पाठ होतं. हात खिशात गेला, किल्ल्यांचा जुडगा निघाला, किल्ली पॅनेलला लागली, त्याने 'स्टॉप' ओढला, लाल बटण दाबलं आणि मोकळ्या, प्रेमळ आवाजात तो जाळीला म्हणाला, "मासिक तपासणी."

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध गचकन थांबली.

सत्तावीस नंबर त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात कोबी होता.

"नमस्कार, मी एकोणीस नंबर," स्पीकर म्हणाला. त्या कचेरीत भाषा ऐकून कॉल जोडून द्यायचे, आणि सत्तावीस तर रजेवर होती. "अहो, वरखाली? तुम्ही परत कधी गेलात? तुम्ही इकडे येणार होता ना?"

त्याने तोंड उघडलं, पण एकोणीस नंबर थांबणाऱ्यातली नव्हती. तिला भरून आलं होतं.

"भांडलात का? मला वाटलंच. परवा ती मला म्हणाली, माणूस आलाय गं, पण आवाज तिकडेच राहिलाय. रडवेली झाली होती. म्हणाली, मी त्याला आवडले नसेन, म्हणून तो सारखी चहाची स्तुती करतो. आणि चहा तर ताई करते. आता गेलाच आहात तर निदान फोन तरी करा तिला, वरखाली. चार वर्षं आम्ही तुमच्या तपासण्या सहन केल्यात."

कोबी खाली पडला आणि कोपऱ्यात गडगडत गेला.

"थांबा," एकोणीस नंबर म्हणाली. तिकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "हा पत्ता तर... तुम्ही तिच्याच इमारतीत आहात. तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का?"

"मी आहे गं," सत्तावीस नंबर म्हणाली.

स्पीकरमधून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग एकोणीस नंबर औपचारिक आवाजात म्हणाली की मदत निघाली आहे, चाळीस मिनिटं लागतील, आणि माणूस अडकलेला असेपर्यंत नियमाप्रमाणे लाइन बंद करता येत नाही. पण ती हेडफोन काढून टेबलावर ठेवते आहे.

"ठेवलास?" सत्तावीसने विचारलं.

"ठेवला," एकोणीस म्हणाली.

वरखाली बावीस वर्षं लिफ्टमधून लोकांना बाहेर काढत होता. ही लिफ्ट त्याने दोन मिनिटांत सुरू केली असती. पण या देशात त्याचा परवाना चालत नव्हता आणि 'स्टॉप' आणि लाल बटण दोन्ही वापरलं गेलं की त्या ठिकाणच्या मेकॅनिकशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कंपनीचाच नियम होता. तो नियम त्याने स्वतः शिकाऊ पोरांना घोकायला लावला होता. तो हात मागे बांधून पॅनेलपुढे उभा राहिला. आयुष्यात इतकी लाज त्याला वाटली नव्हती. आणि पॅनेलकडे बघता बघता तो बोलायला लागला.

तो म्हणाला, तुझ्या कोटाचं तिसरं बटण दुसऱ्या रंगाचं आहे, ते मला पहिल्या दिवसापासून सांगायचंय. तो म्हणाला, तू मला आवडली नाहीस असं नाही. तू समोर बसलीस की मला कळत नाही कुठे बघून बोलायचं. मला जाळीकडे बघून बोलायची सवय आहे, आणि तुझ्या चेहऱ्यावर इतक्या गोष्टी आहेत.

तीही दाराकडेच बघत होती. "मला तर कुणी बोलताना दिसतच नाही," ती म्हणाली. "पंधरा वर्षं मी फक्त ऐकतेय. तू समोर आलास आणि माझ्या लक्षात आलं, तू बोलत नाहीस तेव्हा तुझं काय चाललेलं असतं हे मला माहीतच नाही. तिकडे तू गप्प बसला नाहीस कधी. नव्वदच सेकंद असायचे."

"मी बहुतेक वेळ गप्पच असतो," तो म्हणाला.

"कळलं ते," ती म्हणाली आणि हसली. लाइनवर आणखी कुणीतरी हसलं.

मग ती सगळं बोलली. दोघंही बोलली. समोर दार होतं, शेजारी माणूस होतं, आणि कुणी कॉल तोडत नव्हतं. विसाव्या मिनिटाला त्याने प्रश्न विचारला. विमानात तो लांबलचक होता, त्यात आईचे गुडघे, दोन खोल्यांचं घर आणि खिडकीतून येणारी हवा असं सगळं होतं. आता त्याने एवढंच विचारलं, "येशील माझ्याकडे? लग्न करून?"

तिने कोपऱ्यातला कोबी उचलला. "तू जायच्या आत सांगते," ती म्हणाली. "आत्ता मी अडकलेली आहे. अडकलेला माणूस कशालाही हो म्हणतो, मी पंधरा वर्षं ऐकलंय."

स्पीकरमधून एक दीर्घ सुस्कारा आला.

मेकॅनिक आला. तरुण होता. त्याने दोन मिनिटांत लिफ्ट पाचव्या मजल्याला लावली, दार उघडलं आणि वरखालीच्या हातातली किल्ली बघितली. स्वतःच्या कमरेची बघितली. दोन्ही सारख्याच होत्या. मग त्याने वहीत लिहायला पेन काढलं आणि कारण विचारलं. सत्तावीस नंबरने त्याला त्याच्या भाषेत बरंच काही सांगितलं. त्याने वरखालीकडे असं बघितलं की जणू याच्या घरातलं कुणी आजारी आहे, खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. काय सांगितलंस, असं वरखालीने विचारलं तर ती म्हणाली, खरं तेच.

विनाकारण लाल बटण दाबलं गेल्यामुळे लिफ्ट चौकशीसाठी तीन दिवस बंद ठेवण्यात आली. दारावर पिवळी पट्टी लागली. सात मजल्यांच्या इमारतीला पहिल्या तासातच कळलं की हे कुणामुळे झालं. जिन्यात भेटणारे लोक त्याला काहीतरी म्हणायचे. भाषा कळत नव्हती, पण या वेळी त्याने मान डोलावली नाही. तो खाली जाऊन पहिल्या पायरीवर बसला, आणि जो येईल त्याच्या हातातली पिशवी घेऊन त्याच्या मजल्यापर्यंत पोचवू लागला. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची पिठाची पोती, सहाव्या मजल्यावरची बाळाची गाडी बाळासकट, ताईकडे येणारे कपड्यांचे गठ्ठे. वर-खाली, वर-खाली. ताई दारात उभी राहून म्हणाली की आता कळलं घरचे याला असं का म्हणतात. पण संध्याकाळी तिने त्याच्या पायांखाली उशी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तोंडातल्या टाचण्या काढून त्याच्याशी बोलली.

सत्तावीस नंबरही त्याच्याबरोबर चढायची-उतरायची. जिन्यावर माणसं शेजारी शेजारी चालतात, समोर बघतात. ती आता न थांबता बोलत होती. मधेच एखादा मजला काहीच न बोलता जायचा आणि दोघांपैकी कुणीही चहाचा विषय काढायचं नाही. उत्तर मात्र तिने दिलं नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं. तो प्रत्येक जिना चढताना मनात म्हणायचा, आता सांगेल. असे त्याने तीन दिवसांत ऐंशी-नव्वद जिने मोजले.

निघायच्या सकाळी ताईने निरोप दिला. त्याच्या सदऱ्याची बाही तिने रात्रीतून नीट बेतून दिली होती, न विचारता. दोघांनी बॅगेची एक एक मूठ धरली आणि उतरायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यावर तिने बॅग खाली ठेवली.

"रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये माणसं घेतायत," ती म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "तिथे अजून यंत्र चालत नाही. दोन महिन्यांनी परीक्षा आहे. पास झाले तर दोन वर्षं इथेच काढावी लागतील."

"आणि नापास झालीस तर?"

"तर परत देईन. नापास झाले म्हणून तुझ्याकडे येणार नाही." तिने चष्मा काढून कोटाला पुसला. "तू 'मी येतो' म्हणालास ना, तेव्हा त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली होती. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, मला माहितीये. पण आता आले तर उद्या कधीतरी मिठाची बरणी हातातून पडेल, आणि माझ्याच मनात येईल, हिला कुठे जायला जागा नव्हती म्हणून ही आली. तुझ्या नाही येणार. माझ्या येईल."

त्याने बॅगेचा पट्टा उगाच सरळ केला. मग म्हणाला, "मी इकडे आलो तर?"

"काय करशील? ताईच्या हाताखाली काज-बटणं करशील?"

"शिकेन."

"शिकशील," ती म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटते."

"दोन वर्षांनी मी अठ्ठेचाळीस."

"मीही काही लहान होत जाणार नाही." मग ती त्याच्याकडे वळली, पहिल्यांदा नीट समोरून, आणि त्यानेही मिठाची बरणी शोधली नाही. "थांब म्हणत नाही मी. थांबू नको, असंही माझ्याच्याने म्हणवत नाही. एवढंच खरं आहे ते सांगितलं."

"बरं," तो म्हणाला.

त्याला बरंच काही म्हणायचं होतं, पण ते सगळं तिला ऐकू गेलं असावं, कारण ती मान हलवत होती. तिने बॅगेची मूठ धरली, त्याने दुसरी धरली. उरलेले चार मजले ती परीक्षेत काय काय विचारतात ते सांगत राहिली, आणि त्याने दोन शंका विचारल्या. शंका चांगल्या होत्या.

खाली टॅक्सी उभी होती. चौकशी संपली होती. तो तरुण मेकॅनिक लिफ्टच्या दारावरची पिवळी पट्टी काढून तिची गुंडाळी करत होता. लिफ्ट उघडी होती, आत दिवा लागला होता. मेकॅनिकने वरखालीला बघून दोन बोटं कपाळाला लावली, एका कारागिराने दुसऱ्याला सलाम करावा तशी.

"पोचलास की कळव," ती म्हणाली.

"फोनवर?"

"फोनवर. जमेल हळूहळू."

तिने त्याचा हात धरला, जरा जास्त वेळ धरला आणि सोडला. मग ती वळली. उघड्या लिफ्टपाशी क्षणभर थांबली, मेकॅनिक बाजूला सरकला, पण ती पुढे गेली आणि जिना चढू लागली.

ड्रायव्हरने बॅग डिकीत टाकून दार उघडून धरलं. वरखाली बसला नाही. तो इमारतीच्या दारात उभा राहून ऐकत होता. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर पावलं थांबली. बराच वेळ थांबली. त्याने हात दाराच्या चौकटीवर ठेवला. मग पुन्हा सुरू झाली, आधी सावकाश, मग नेहमीसारखी. पाचवा.

ड्रायव्हरने घड्याळ दाखवून काहीतरी विचारलं. वरखालीला त्याची भाषा येत नव्हती. त्याने मागे न बघता दोन बोटं वर केली. अजून दोन मजले होते.

ड्रायव्हरने त्याच्या बोटांकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.